साडेतीन तासांची अमेरिका

माझ्या मावशीचे यजमान गोपालकृष्ण राव यांना कोणी अंतर विचारलं की ते आधी उलट विचारतात, "कोठून कोठवर?"

तुम्ही नुसतं "काका, कुंभकोणम किती लांब?" म्हटलंत तर उत्तर मिळत नाही. तंजावूर म्हणजे जुना बसस्टँड, नवा बसस्टँड, रेल्वे स्टेशन की मोठं पोस्ट, हे आधी ठरवावं लागतं. मग कुंभकोणमचं तेच. एवढं झाल्यावर ते डोळे मिटतात, मनातल्या मनात सगळा रस्ता चालून येतात आणि आकडा सांगतात, दशांश चिन्हासकट.

चौतीस वर्षं ते रस्ते खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै या बाजूच्या रस्त्यांवर दगड बसवणं, रंगवणं, आकडे तपासणं, हे त्यांचं आयुष्य. एका गावातल्या चहावाल्याने एकदा किलोमीटरचा दगड उपटून आपल्या टपरीसमोर नेऊन रोवला होता, गिऱ्हाइकांना टेकून बसायला बरा म्हणून. काकांनी दगड परत जागेवर नेला, आणि त्या टपरीतला चहा पुढे कधी घेतला नाही.

विनुताचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा छापखान्याने पत्रिकेवर "कल्याणमंडप, जुन्या बसस्टँडपासून ३ कि.मी." असं छापलं. काकांनी चारशे पत्रिका मांडीवर घेऊन एकेका तीनपुढे पेनने ".४" लिहिलं. दोन दिवस लागले. चंद्रमती मावशी म्हणाली, "लोक नादस्वर ऐकून येतील हो. ते चारशे मीटर कोणी चुकणार नाही."

मावशी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिची मापं वितीची आणि बोटांची. पण एका बाबतीत तीही काट्यावर काटा ठेवून वागायची: प्रवास चार तासांचा, त्याच्यापुढे एक मिनिट नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी दिराच्या मुलाच्या लग्नाला ती रेल्वेने हैदराबादला गेली होती. परत आली ती दोन दिवस जमिनीवरच आडवी. तिसऱ्या दिवशी उठून तिने जाहीर केलं, "चार तास. पुढे मी बसणार नाही. माझं शरीर आहे, पार्सल नाही."

तेव्हापासून आमच्या नात्यातली लग्नं त्या चार तासांच्या आत बसवावी लागायची. मदुरै चालायची, तिरुचि तर अंगणातच. चेन्नैला काका एकटे जायचे. सेलमवरून वाद झाला होता. काकांनी गाडीत घड्याळ लावून तीन तास पन्नास मिनिटं दाखवली, तेव्हा मावशी तिथल्या एका बारशाला आली. मात्र वाटेत कोणाला कॉफीला उतरू दिलं नाही.

(आमचं तंजावूरचं मराठी आहे तसं लिहिलं तर तुम्हाला अर्धं कळेल आणि अर्धं तमिळ वाटेल. म्हणून मी ते घासूनपुसून लिहिते आहे. देवनागरी मला माझ्या बेळगावच्या सासूबाईंनी शिकवली. मावशीला ती वाचता येत नाही, त्यामुळे हे मी लिहिलंय ते तिला कळणार नाही, आणि कळलंच तर मी बंगळूरला आहे.)

विनुता लग्न होऊन अमेरिकेला गेली, सान फ्रान्सिस्कोजवळ. तिची मुलगी जननी चार वर्षांची झाली, तरी आजीला ती फक्त फोनच्या पडद्यावर ठाऊक. दर रविवारी विनुता म्हणायची, "अम्मा, ये की." मावशी विचारायची, "चार तासांत पोचते का?" मग विनुता विषय लोणच्यावर न्यायची.

गेल्या वर्षी एप्रिलात मी सुट्टीला तंजावूरला होते. मेलवीथी गल्लीतल्या घरात आम्ही तिघं कॉफी घेत बसलो होतो आणि काकांच्या फोनवर तिकिटं आली. विनुताने कोणाला न विचारता काढून टाकली होती. बंगळूरहून थेट विमान, मध्ये कुठे थांबणं नाही.

"दाखवा," म्हणून मावशीने चष्मा लावला. रेल्वेची वेळापत्रकं पाहून चोवीस तासांचं घड्याळ तिला पाठ. ती वाचू लागली.

"बंगळूर, चौदा शून्य शून्य. म्हणजे दोन. सान फ्रान्सिस्को, सतरा तीस. म्हणजे साडेपाच. तारीख... तीच." तिने बोटांवर मोजलं. मग परत मोजलं. "अहो, हे साडेतीन तासच होतात की!"

आता यातली मेख तुम्हाला माहीत असेल. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. आपण दुपारी दोनला निघतो तेव्हा तिथे त्याच तारखेची पहाट व्हायची असते. सोळा तास उडत राहिलं तरी तिथे पोचल्यावर घड्याळात त्याच दिवसाचे संध्याकाळचे साडेपाचच वाजतात. दोन्ही आकडे खरे, पण घड्याळं वेगवेगळी.

हे मला ठाऊक होतं आणि काकांना तर नक्कीच ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. चारशे पत्रिका दुरुस्त करणारा माणूस आता हीही चूक दुरुस्त करणार, असं मला वाटलं.

मावशी म्हणाली, "पाच वर्षं ही पोरगी मला काय लांब लांब म्हणून घाबरवीत होती? चेन्नैला सहा तास लागतात आणि अमेरिकेला साडेतीन. रेल्वे विल्लुपुरमला थांबते, विमान थांबत नाही. आणखी काय?" आणि तिने जननीचा पडद्यावरचा फोटो अंगठ्याने पुसला. "साडेतीन तास मी बसेन."

काकांचं तोंड हळूहळू मिटलं.

"साडेतीनच ना?" मावशीने त्यांनाच विचारलं.

"तिकिटावर तसंच छापलंय," काका म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पेल्यातल्या कॉफीत डोकं घातलं.

एकदा ही गोष्ट न सांगितल्यावर ती रोज न सांगत राहणं आलं. पुढच्याच रविवारी विनुताचा फोन आला. "अम्मा, घाबरू नकोस हं, सोळा..." एवढं ती म्हणते तोच काकांना असा खोकला आला की फोन हातातून पडला. उचलून पडद्यासमोर धरताना त्यांनी भुवया, नाक, कान, जे हलवता येईल ते हलवलं. विनुता त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "सोळा... सोळा साड्या आणू नकोस म्हणत होते."

"सोळा कशाला, आठ पुरेत," मावशी म्हणाली.

खरी पंचाईत समोरच्या राजम मामींनी केली. त्यांचा मुलगा डलासला असतो आणि तीन वर्षांपूर्वी त्या तिकडे जाऊन आल्या होत्या. मुलाला तिकडून पाठवायची सुकवलेली वांगी घेऊन त्या आल्या आणि मावशीसमोर बसून म्हणाल्या, "चंद्रा, पायांची काळजी घे हं. माझे पाय एवढाले झाले होते." त्यांनी दोन हातांनी माप दाखवलं, ते साधारण केळीच्या खोडाएवढं होतं. "एकेका विमानात तास तरी किती! मोजायचंच सोडून दिलं होतं."

मावशीने काकांकडे पाहिलं. काका पेपरमागे होते. पेपर खाली आला.

"ते जुन्या वाटेने," काका म्हणाले. "आता बायपास झालाय."

राजम मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर त्यांनी हसून वांगी परत नेली असती. पण सांगणारे गोपालकृष्ण राव होते, रस्ते खात्यातले. मामींनी मान हलवली. "असेल हो. तंजावूरलाही आधी सगळ्या गाड्या गावातूनच जायच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मेलवीथीत सगळ्यांना ठाऊक झालं की अमेरिकेला बायपास झालाय. दूधवाल्याने विचारलं. देवळातल्या भटजींनी प्रसाद देता देता विचारलं. काकांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं, तर लोक घरी येऊ लागले. चौथ्या दिवशी शहाजी राव आले. हे बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, कागदावर पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारे. त्यांचा मुलगा सिएटलला. बायको लांबच्या प्रवासाला तयार नाही, म्हणून तेही अडकून पडले होते. ते फाईल आणि पेन घेऊन आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी टोपण काढून विचारलं:

"राव, हा बायपास कोठून कोठवर?"

काकांचाच प्रश्न. मी आतल्या खोलीत बॅग भरत होते, ती अर्धवट टाकून दाराशी आले. काकांच्या कपाळावर घाम होता.  मग, त्यांच्या आयुष्यात माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच, एक शब्द म्हणाले.

"अंदाजे."

शहाजी रावांनी तोही लिहून घेतला.

मे महिन्यात ते दोघं निघाले. तिरुचिपर्यंत टॅक्सी, तिथून विमानाने बंगळूर, माझ्याकडे मुक्काम. प्रत्येक टप्पा चार तासांच्या आत. बंगळूरचं विमान तासाभरात पोचलं, त्यामुळे मावशीला आता विमान म्हणजे वडापावाएवढं सोपं वाटू लागलं होतं. (हे उदाहरण माझ्या सासूबाईंचं. मावशी म्हणाली होती, "तव्यावर डोसा टाकला, उलटला, झालं.")

संध्याकाळी काका माझ्याबरोबर गच्चीवर आले.

"संगीता, मला तिला सांगायला हवं."

"मग सांगा की."

"तीनदा ठरवलं. एकदा वल्लमजवळ टॅक्सीत तोंडाशी आलं होतं. पण तिने जननीसाठी शिवलेला फ्रॉक काढून दाखवला." ते कठड्यावर बोटं वाजवत राहिले. "मी कधी कोणाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही. हिलाही सांगितलेला नाही. बोललो नाही, एवढंच."

"मग उद्या सकाळी सांगा."

"सकाळी सांगतो."

सकाळी त्यांनी इडल्या खाल्ल्या आणि आज ऊन फार आहे असं सांगितलं. विमानतळावर मी त्यांना सोडलं तेव्हा मावशी पुढे ताठ चालत होती आणि काका दोन्ही बॅगा घेऊन मागे, शाळेत नेल्या जाणाऱ्या मुलासारखे. पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलंय. जिथे जुळतं तेवढंच सांगते.

तीन जागांच्या रांगेत मावशी खिडकीशी, काका मध्ये आणि कडेला कोईम्बतूरच्या एक बाई. विमान दोनला सुटलं. जेवण आलं, मावशीने चवीने खाल्लं. मळमळ नाही, चक्कर नाही. तिने खाली समुद्र पाहिला, ढग पाहिले, डुलकी काढली. जाग आली तेव्हा बाहेर अंधार होता.

"साडेपाचला एवढा काळोख?" तिने काकांना विचारलं. "मळभ आलंय वाटतं. विनुताला छत्री घेऊन यायला सांगायला हवं होतं."

काका समोरच्या पडद्यावरच्या नकाशाकडे पाहत होते. विमान चीनच्या डोक्यावर होतं.

मावशीने पर्स उघडली. चेहरा पुसला, कुंकू नीट केलं, केसांत आकडे खोचले, निऱ्या सारख्या केल्या. पायाखालची पिशवी मांडीवर घेतली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं: पाच वाजून सत्तावीस मिनिटं. तीन मिनिटं ती तशीच बसली, स्टेशन जवळ आल्यावर दाराशी उभं राहतात तशी. मग वाकून तिने कोईम्बतूरच्या बाईंना तमिळमध्ये विचारलं, "उतरायचं पुढच्या दाराने का मागच्या?"

त्या बाई हसल्या. "आता कुठे उतरता मामी? अजून साडेबारा तास आहेत."

मावशी सावकाश काकांकडे वळली.

"अहो."

"हं."

"ह्या काय म्हणतात?"

काकांनी डोळे मिटले. एरवी ते डोळे मिटतात तेव्हा रस्ता आठवत असतात. या वेळी समोर रस्ताच नव्हता.

"सोळा," ते म्हणाले.

"सोळा काय?"

"तास."

"आणि आपण आत्ता कोठे आहोत?"

"चीनवर."

"चीन?" मावशीचा आवाज एवढा चढला की पुढच्या रांगेतलं एक बाळ जागं झालं. "मजला चीनमध्ये काय काम आहे?"

काकांनी घड्याळाचं सगळं सांगितलं. पृथ्वी, सूर्य, साडेबारा तास, सगळं.  त्यांचं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला हे त्या दिवशीच ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि बायपास?"

 मावशीने मांडीवरची पिशवी परत खाली ठेवली, काकांना उठवलं, स्वतः मधल्या जागेवर आली आणि त्यांना खिडकीशी बसवलं.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"साडेबारा तास. साधारण अकरा हजार किलोमीटर."

"साधारण?"

काकांनी पडदा नीट वाचून बरोबर आकडा सांगितला.

दहा मिनिटांनी: "किती राहिलं?" काकांनी सांगितलं. आणखी दहा मिनिटांनी परत. ते पेंगले की कोपर. जपान गेलं, समुद्र सुरू झाला, दिवे मालवले, सगळं विमान पांघरुणात गुरफटून झोपलं, आणि दर दहा मिनिटांनी एक ठणठणीत आवाज विचारत होता, "किती राहिलं?" काका सांगतात की त्यांनी त्या प्रवासात त्रेसष्ट वेळा उत्तर दिलं. मावशी म्हणते एवढं काही नाही, पन्नासेक असेल. मी काकांचा आकडा धरते.

मधल्या वेळात मात्र मावशी मजेत होती. कोईम्बतूरच्या बाई चौथ्यांदा जात होत्या. त्यांनी तिला उठवून विमानाच्या शेपटापर्यंत फिरवून आणलं, टाचा वरखाली कशा करायच्या ते शिकवलं. मागे कर्मचाऱ्यांच्या कोपऱ्यात उभं राहून मावशीने एका मुलीच्या युनिफॉर्मची उसवलेली बाही सुई-दोऱ्याने शिवून दिली. सुई विमानात कशी आली हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. त्या मुलीने तिला दोनदा जास्तीचा आइस्क्रीमचा कप आणून दिला. काका खिडकीशी अडकलेले. उठायचं तर दोघींना ओलांडावं लागणार, आणि ओलांडायची परवानगी मागण्याची त्यांची हिंमत नव्हती. त्यामुळे पाय त्यांचे सुजले. बूट काढले होते, ते परत चढेनात.

विमान खाली येऊ लागलं तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. मावशीच्या घड्याळात पहाटेचे सहा व्हायला आले होते. कप्तानाने काही सांगितलं आणि मावशीने कोईम्बतूरच्या बाईंना विचारलं, "काय म्हणाला?"

"इथे संध्याकाळचे पाच वाजून चोवीस मिनिटं झालीत म्हणाला. सहा मिनिटं लवकर पोचलो."

"आज कुठला दिवस?"

"सोमवारच मामी."

मावशीने काकांचा हात धरून त्यांचं घड्याळ पाहिलं, मग स्वतःचं, मग बाहेरचं ऊन. 

"म्हणजे तिकिटावर खरंच होतं."

"मी तेच सांगत होतो," काका हळूच म्हणाले.

"तुम्ही गप्प राहा. तुम्ही खोटंच वागलात. तिकीट खरं वागलं." मग तिला आणखी काही सुचलं. "आणि मी जी बारा तास रागावले, ती कोणत्या दिवशी?"



बाहेर विनुता, तिचा नवरा श्रीकर आणि जननी उभे होते. काका विमानातल्या पातळ सपाता घालून, बूट हातात धरून आले. पाच वर्षांनी आई भेटली ती विनुताच्या गळ्यात पडून पहिलं वाक्य म्हणाली, "तुझ्या अप्पांनी मला चीनमध्ये नेलं." तेवढ्यात जननीने तिच्या साडीचं टोक ओढलं आणि पुढची तक्रार राहून गेली.

तिसऱ्या दिवशी काकांनी तिकडून शहाजी रावांना फोन लावला. झोप नाही, पाय दुखतायत, तरी हे काम आधी.

"शहाजी राव, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. बायपास नाही. मला सोळा तास लागले. विमानतळ ते विमानतळ."

 मग शहाजी राव खालच्या आवाजात म्हणाले, "राव, मी तिकिटं काढली. आणि घरी साडेतीन सांगितलंय."

"कोठे आहेत वहिनी?"

"शेजारीच बसली आहे."

काकांनी विचार केला. "मग आता काही बोलू नका," ते म्हणाले. "विमानात बसल्यावर सांगा. पण चीनच्या आधी. आणि स्वतः कडेच्या जागेवर बसा."

पाच महिने ते तिथे राहिले. काकांनी जननीला रोज शाळेतून चालत आणलं आणि तिला "कोठून कोठवर?" एवढं मराठी शिकवलं. ती आता आईस्क्रीम पाहिजे का विचारलं तरी तेच म्हणते. मावशीने तिला सहा फ्रॉक शिवले. राग बहुतेक उतरला होता. ऑक्टोबरात परतीची तिकिटं निघेपर्यंत.

"रविवारी दुपारी बारा," मावशीने वाचलं. "बंगळूर, सोमवारी संध्याकाळी सहा." तिने बोटांवर मोजलं. "तीस तास."

"नाही अगे," काका म्हणाले. "आता घड्याळ उलटं. खरे तास साडेसतरा."

"जाताना सोळा होते. रस्ता लांबला का?"

"रस्ता तोच. वारा समोरून."

मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं की श्रीकर उठून स्वयंपाकघरात गेला.

"अम्मा, अप्पा खरं सांगतायत," विनुता म्हणाली.

"तूही तीच. सोळा साड्या!" मावशीने तिकीट उचललं. "जाताना ह्यांनी सांगितलेलं खोटं आणि तिकिटावरचं खरं ठरलं की नाही? मग आता मी कोणाचं ऐकू? तीस."

आणि तिने तीस तासांची तयारी केली. चिंचेचा भात मोठ्या डब्यात. लिंबाचा भात दुसऱ्या. पोडी, म्हणजे कोरडी चटणी, लावलेल्या इडल्या अठ्ठावीस, पुऱ्या, भाजलेला पोह्याचा चिवडा, मुरुक्कू. काकांनी दोनदा सांगून पाहिलं, मग डबे उचलून बॅगेचं वजन करायला मदत केली.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांना आणायला गेले. मावशी पुढे, या वेळी तिच्याभोवती चार-पाच बाया, सगळ्यांशी निरोप घेणं चाललेलं. काका मागे, ढकलगाडी घेऊन. पाय पुन्हा सुजलेले. घड्याळाप्रमाणे रविवार बारा ते सोमवार सहा. मावशी म्हणाली, "बघ, तीस झाले." काका म्हणाले, "साडेसतरा." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं गाडी कडेला लावली आहे, चला.

डब्यात साडेबारा तासांचं जेवण शिल्लक होतं. आम्ही घरच्यांनी खाल्लं, वॉचमनला दिलं, खालच्या मजल्यावर दिलं, तरी सकाळी न्याहारीला चिंचेचा भातच होता. मावशी तो वाढताना जरा विचारात पडलेली मला दिसली. "भूक लागली नाही कोणाला विमानात," ती म्हणाली. "तीस तासांत एवढंच खाल्लं?" पण त्यापुढे ती गेली नाही, आणि काकांनीही तिला नेलं नाही.

तंजावूरला पोचल्यावर काका आधी राजम मामींकडे गेले आणि बायपासबद्दल माफी मागून आले. मामी म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही आणि चुकीचं सांगाल? म्हणून मी माझ्याच पायांवर संशय घेतला." शहाजी राव अजून सिएटललाच आहेत. त्यांच्या घरून मेलवीथीत अद्याप काही बातमी आलेली नाही.

येत्या जूनमध्ये विनुता परत बोलावते आहे. मावशीने तिला फोनवर स्वतःसाठी कडेची जागा सांगून ठेवली आहे, आणि तास विचारले नाहीत. काकांनी डॉक्टरांकडून पायांत घालायचे घट्ट मोजे लिहून आणलेत. गुडघ्यापर्यंतचे.